अखितीचा काळा धूर

अखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंगतीत जयवंतचं पान मांडलं होतं. पानाभोवती रांगोळी होती, आमरसाची वाटी होती आणि पाट रिकामा होता. हैबतराव लहामग्यांनी त्या पाटाकडे एकदा पाहिलं आणि सबंध जेवण मान खाली घालून केलं. यजमानच बोलेना म्हटल्यावर बाकीच्यांनी तरी काय बोलावं? पितरांच्या घागरी दिल्या, ब्राह्मण दक्षिणा घेऊन गेला, भावकीतली मंडळी विडा घ्यायलासुद्धा ओसरीवर थांबली नाही. सण असून नसल्यासारखा झाला.

काठेवाडातून तार आली होती, 'उद्या निघतो.' तो उद्या येऊन गेला, त्याच्या मागून परवाही गेला, आणि आभाळातून काही उतरलं नाही. हैबतरावांचा हा धाकटा मुलगा विमानाचं इंजिन उघडून तपासून घ्यायला तिकडे गेला होता. इंजिन उघडलं की त्यात काहीतरी निघायचंच, हे आता घरातल्या गड्यांनाही पाठ झालं होतं. तेव्हा पोरगा तिकडेच अडकला असणार असं सगळे धरून चालले होते. गौराबाईंनीही तेच धरलं होतं, आणि त्या भरवशावर त्यांनी सकाळी एक गोष्ट करून ठेवली होती. ती अजून भावाच्या कानावर गेली नव्हती.

गौराबाई हैबतरावांच्या पाठच्या. ऐन विशीत कुंकू पुसून माहेरी आल्या त्या कायमच्याच. इनामाची गावं सनदेवर हैबतरावांची होती, पण बैल मेला, पाऊस लांबला, सून नांदेना, काही झालं तरी पाड्यावरची माणसं यायची ती गौराबाईंच्या परसदारी. जव्हारच्या दरबारात हैबतरावांना खुर्ची होती. गौराबाईंना कुठेच खुर्ची नव्हती, पण त्या उंबऱ्यावर बसल्या की समोरची माणसं उभी राहायची.

हात धुता धुता हैबतराव थांबले.

"हा धूर कसला?"

थोरला मुलगा मुरार खिडकीशी गेला. समोरच्या डोंगराच्या उतारावर, खालच्या पाड्यावर, पलीकडे जामसरच्या अंगाला, नजर जाईल तिथे पांढरा धूर जमिनीलगत पसरत होता. वारा पडलेला होता, त्यामुळे तो वर जायचं नाव घेत नव्हता.

"राब पेटवलेत," मुरार म्हणाला. "सगळ्यांनी एकदमच."

"कोणाच्या हुकमाने?"

"माझ्या," गौराबाई म्हणाल्या.

राब हा इथल्या भाताचा पाया. माणसं महिना महिना झाडांवर चढून फांद्या तोडतात, शेण, पाला आणि गवत यांचे थर वाफ्यावर रचतात, वर माती पसरतात आणि उन्हं तापली की जाळतात. त्या भाजलेल्या जमिनीतच भाताचं आणि नागलीचं रोप धरतं. रचलेला राब भिजला तर जळत नाही, जळला नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर जंगलातली कंदमुळं. पण गेल्या वर्षी याच धुरात उतरताना जयवंतचं विमान घरामागचा माळ सोडून करवंदीच्या जाळीत शिरलं होतं. तेव्हापासून हैबतरावांचा सक्त हुकूम होता, की जयवंत बाहेर असेल तोवर कोणी राबाला काडी लावायची नाही. यंदा त्याचं जाणं लांबलं, येणं त्याहून लांबलं. राब रचून पडले होते आणि खोडाळ्याच्या बाजूला रोज दुपारी ढग जमत होते.

"गौरा, तुला माझा हुकूम ठाऊक होता."

"मला होता, दादा. ढगांना नव्हता."

"आणखी दोन दिवस थांबली असतीस तर काय आभाळ कोसळणार होतं?"

"तेच कोसळणार होतं. सकाळी पाड्यावरचा मंगळू आला होता. काल वावर गावाकडे शिडकावा झाला, तिथल्यांचे राब भिजून बसले. इथे बाया परसदारी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या, बोलल्यासुद्धा नाहीत. एवढ्या पोटांचा घास एका माणसाच्या हौसेसाठी किती दिवस धरून ठेवायचा?"

हौस हा शब्द जिथे लागायचा तिथे लागला. भांडी आवरणारी चंद्रकला, जयवंतची बायको, जागच्या जागी थांबली. हे विमान हैबतरावांनी सन चौतीसच्या हिवाळ्यात जुहूला एका विलायतेला परत निघालेल्या साहेबाकडून घेतलं होतं. घेताना नाव मुलाच्या हौसेचं केलं, पण मोठ्या संस्थानिकांच्या बरोबरीने आपलंही काहीतरी आभाळात फिरावं ही हौस बापाचीच होती, आणि ते घरात सगळ्यांना माहीत होतं. विमान उडवायचा जयवंत, मिरवायचे हैबतराव आणि राबायची चंद्रकला. डहाणू स्टेशनातून बैलगाडीने आलेलं पेट्रोल ती मऊ कातड्यातून गाळून घ्यायची. पंखांचं कापड फाटलं की ठिगळ शिवून वर वार्निश चोपडायची. सांगाड्याच्या लाकडाला कीड लागली का ते बोटाने ठोकून बघायची. त्या वार्निशची गावच्या गाईंना चटक लागली होती. पंख चाटायला आलेल्या गाई हाकलणं हेही तिच्याच वाट्याला आलं होतं. "इनामदाराची सून आणि गुराख्याचं काम," असं गौराबाई म्हणायच्या, आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायच्या. दोघींत बोलणं उरलं होतं ते मीठ-मिरचीपुरतं.

"निदान आबासाहेबांना विचारायचं तरी होतं, आत्याबाई," मुरार म्हणाला.

गौराबाईंनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मुरारला विमान विकून टाकायचं होतं, आणि दर सणाला तो ते बोलून दाखवायचा. आत्या-भाचा एका बाजूला, बाप आणि धाकटी पाती दुसऱ्या बाजूला, अशी या घराची सरळ वाटणी होती. परवाच हा म्हणाला होता, पेटवू द्या राब, बघू काय होतं ते. आज बापाचा चेहरा पाहिला आणि पठ्ठ्या हळूच पलीकडच्या काठाला लागला. घर फिरलं की वासेही फिरतात, हे काही उगीच म्हणत नाहीत.

"विचारलं असतं तर तुझे आबासाहेब नाही म्हणाले असते," त्या म्हणाल्या. "म्हणून नाही विचारलं."

"या घरात तुझं चालतं म्हणून सगळंच तुझं चालेल असं समजू नकोस, गौरा. उद्या मी दरबारात..."

"गप्प बसा जरा," चंद्रकला म्हणाली.

सासऱ्यासमोर ती असं कधी बोलली नव्हती. हैबतराव रागवायचंही विसरले. ती मान तिरकी करून उभी होती, आणि मग तो आवाज बाकीच्यांनाही आला. लांबून, पश्चिमेकडून, थांबत थांबत येणारी घरघर.

"तेच आहेत," चंद्रकला म्हणाली, आणि खरकट्या हातांनीच मागच्या दाराकडे धावली.

घराच्या मागेच माळ होता. एका बाजूला घर आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना सरळ उतरलेली दरी. माळाच्या कडेला विमानाचं छप्पर उभं होतं. सागाचे खांब, कुडाच्या भिंती आणि वर गवताचा जाड थर. एरवी इथून खालचे पाडे आणि रानातल्या वाटा दिसायच्या. आज समोरचा डोंगर होता की नव्हता तेही कळत नव्हतं. धूर दरीत भरून माळाच्या काठावरून आत सांडत होता, आणि डोळे चुरचुरायला लागले होते.

आवाज डोक्यावरून गेला. सगळ्यांनी माना वर केल्या. दिसलं कोणालाच काही नाही. आवाज दरीपलीकडे गेला, वळला आणि परत आला.

"जयवंता," हैबतरावांनी वर तोंड करून हाक मारली. "अरे, इकडे. इकडे आहे माळ."

गौराबाई ते ऐकत होत्या. दरबारात आवाज न चढवता बोलणारा आपला भाऊ धुराला हाका मारतोय, आणि हा धूर आपण केलाय. सकाळी मंगळूला हो म्हणताना त्यांना केवढं बरं वाटलं होतं.

मंगळू चार माणसं घेऊन धावत वर आला. खालच्या पाड्याचा हा म्होरक्या, अंगावर राखेचे पांढरे पट्टे, डोळे लाल.

"विझवा," हैबतराव त्याच्यावर ओरडले. "सगळे राब विझवा. आत्ताच्या आत्ता."

"इझवतूं, मालक. पन पानी टाकलं का धूर आजून व्हईल. इमान उतरतं तो सगला माल भरल." मंगळूने धाप आवरली. "नं एकदां इझवला राब परत पेटं नाय."

"मी तुला शहाणपण विचारलं नाही."

हैबतरावांची काठी वर गेली. गौराबाई मध्ये आल्या.

"काठी मला मारा, दादा. काडी मी लावायला सांगितली."

काठी तशीच हवेत राहिली, मग खाली आली. मुरारने तोवर गड्यांकडून धोतरं आणि चादरी आणवल्या होत्या. त्या तो माळावर फुलीसारख्या अंथरायला लागला. निदान त्याचे हात चालू होते. आवाज पुन्हा डोक्यावर आला, या वेळी इतका खालून, की माणसं नकळत वाकली. आला आणि दरीकडे गेला.

"कापड दिसायचं नाही," चंद्रकला म्हणाली. "धूर पांढरा, कापड पांढरं. मी बसलेय ना वर, मला माहीत आहे. वरून सगळं सारखं दिसतं. काळं काहीतरी पाहिजे. काळा धूर, नाहीतर मोठा जाळ. राब नुसता धुमसतो, त्याला जाळ कुठला?"

"काळा धूर कशाने होतो?" गौराबाईंनी विचारलं.

"तेलाने. रबराने. वार्निशने."

"आणि तो किती वेळ असा फिरत राहील?"

चंद्रकलाने ओठ आवळले. "समुद्र ओलांडून आलेत. टाकी तळाला गेली असणार."

तेल, रबर आणि वार्निश कुठे आहे ते सगळ्यांना माहीत होतं. छपराकडे सगळ्यात आधी गौराबाईंनी पाहिलं, मग बाकीच्यांनी.

"नाही," हैबतराव म्हणाले. "त्या छपराला हात लावायचा नाही. आत पुढचा जादा पंखा आहे, चाकं आहेत, विलायतेहून मागवलेलं सामान आहे. आणि पावसात विमान ठेवायचं कुठे? चार सरी झाल्या की कापड कुजेल, लाकूड फुगेल. छप्पर गेलं की विमान गेलंच म्हणून समज."

"आणि पोरगं गेलं तर?"

"तो उतरेल. गेल्या वर्षी उतरला नव्हता?"

"करवंदीच्या जाळीत उतरला होता, दादा. आता जाळीही दिसत नाही."

माणूस घाबरला की अडून बसतो, आणि हैबतराव तर जन्माचे अडून बसणारे. त्यांना समजवायला वेळ नव्हता. गौराबाई छपराकडे निघाल्या, तेव्हा मुरारने त्यांना कोपराला धरून बाजूला घेतलं.

"आत्याबाई, तुम्ही नका लावू काडी."

"का?"

"होळीला भर अंगणात तुम्ही काय म्हणाला होता? यंदाच्या होळीत या छपराचीच लाकडं घालीन, म्हणाला होता. अख्ख्या जव्हारात पसरलंय ते. आता तुम्ही पेटवलंत आणि तो उतरला नाही, तर लोक म्हणतील पोरगं वर घुटमळत होतं आणि आत्याने खाली सूड उगवून घेतला. आणि उतरला, तर तोच म्हणेल."

मुरार आयुष्यात क्वचित बरोबर बोलायचा, आणि नेमका आज बोलला होता. गौराबाई क्षणभर थांबल्या.

"मग तू लाव."

"मी?" मुरार एक पाऊल मागे सरला. "मी कसा लावणार? मी तर विकायचं म्हणत होतो ना."

गौराबाईंना हसू आलं असतं, वेळ तशी असती तर. या घरात प्रत्येकाला जयवंत खाली यायला हवा होता, आणि प्रत्येकाला आपले हात स्वच्छ ठेवायचे होते. त्यांनी कोपर सोडवून घेतलं आणि चंद्रकलाकडे वळल्या.

"आत काय आहे, ज्याने माणसं मरतील?"

"पेट्रोलचे डबे. ते आधी बाहेर काढायला हवेत."

"काढ. मंगळू, माणसं घे. ही सांगेल तसं."

दोन वर्षांत गौराबाईंनी त्या छपराखाली पाऊल ठेवलं नव्हतं. आत तेलाचा आणि कसल्याशा गोडसर वार्निशचा वास होता. मध्ये विमानाएवढी मोकळी जागा, झाडून लख्ख केलेली. भिंतीशी फळीवर सुया, दोरा, कापडाचे तुकडे, सगळं घडी घालून. देवघरसुद्धा एवढं नीट नसतं आपलं, त्यांच्या मनात आलं, आणि त्याचा त्यांना राग आला. माणसं डबे उचलून बाहेर पळत होती. चंद्रकला एका खोक्यापाशी थबकली. त्यात जादा पंखा होता, लाकडी, लांबलचक, फडक्यात गुंडाळलेला. तिने त्यावर हात ठेवला आणि काढून घेतला.

"राहू दे," ती म्हणाली. "वेळ नाही. तेलाचं पिंप आडवं करा, आत्याबाई. मी वार्निश ओतते."

दोघींनी मिळून ते केलं. बाहेरून हैबतरावांचा आवाज येत होता, "गौरा, बाहेर ये, गौरा." पण पाय कोणी पुढे टाकला नाही, त्यांनीही नाही. चंद्रकला बाहेर पडली. गौराबाईंनी काडी ओढली आणि तेलात भिजलेल्या चिंध्यांवर टाकली.

काडी ओढताना हात जरासुद्धा कापला नाही. तो कापायला हवा होता, असं त्यांना बाहेर येता येता वाटलं. आपल्याला आतून थोडं बरं वाटलं की काय? त्या स्वतःलाच घाबरल्या आणि मागे वळून न बघता माळावर येऊन उभ्या राहिल्या.

गवताने एका दमात पेट घेतला. तेलापर्यंत आग पोहोचली आणि छपराच्या मधोमध काळा लोट उठला. जाड, तेलकट, पांढऱ्या धुराला फाडून सरळ वर जाणारा. माणसं मागे हटली. सगळ्यांचे कान आभाळाकडे होते.

आभाळ गप्प होतं.

"आवाज कुठे गेला?" हैबतराव म्हणाले.

आवाज पश्चिमेकडे लांब गेला होता. लांब, आणखी लांब, आणि मग नाहीच. चंद्रकला माळाच्या काठापर्यंत गेली आणि तिथे उभी राहिली. मंगळू आणि त्याची माणसं पायाच्या बोटांकडे बघत होती. हैबतराव एका दगडावर बसले. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, आणि गौराबाईंनी तो टकलाचा गोल किती वर्षांनी पाहिला होता. गौराबाईंना कोणी काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दोन आगी लावल्या होत्या त्यांनी आज, एक लोकांच्या पोटासाठी, एक पोरासाठी, आणि आगीतून फुफाट्यात पडायची पाळी पोरावर आली होती. त्या मनातल्या मनात देवाला म्हणाल्या, मला ने, त्याला सोड. असला सौदा देव कधी करत नाही हे विधवेला कोणी सांगायला नको.

मग चंद्रकला वळली. "येतायत," ती म्हणाली.

घरघर वाढत गेली, आणि या वेळी तिच्यात घुटमळणं नव्हतं. ती सरळ येत होती. घराच्या बाजूने धुराच्या खालच्या अंगाने विमान एकदम बाहेर पडलं, इतकं खाली, की कौलं खडखडली. ते आगीच्या अगदी जवळून गेलं. तापलेल्या हवेने त्याचा एक पंख वर उचलला, दुसरा जमिनीकडे झुकला, आणि हैबतरावांनी डोळे मिटून घेतले. गौराबाईंनी मिटले नाहीत. आपण केलेलं आपण बघायचं, एवढं त्यांनी ठरवलं होतं. चाकं माळाला लागली, विमान उसळलं, पुन्हा लागलं आणि मुरारच्या चादरी चिरडत दरीच्या काठाकडे धावत सुटलं. काठापाशी ते गर्रकन फिरलं, खालचा पंख खडकावर घासला, कापड फाटल्याचा लांब आवाज झाला, आणि ते थांबलं. पुढचा पंखा दोन वेळा उगाच फिरला आणि तोही थांबला.

जयवंत उडी मारून खाली आला. डोळ्यांवरचा चष्मा त्याने ओरबाडून काढला आणि तो धावत सुटला. चंद्रकला हात पुढे करून उभी होती, तो तिच्या बाजूने गेला. बापाच्या बाजूने गेला, गौराबाईंच्या बाजूने गेला. घराच्या मागच्या दाराशी पोहोचला, चौकटीला धरून आत डोकावला, आणि मग तिथेच वळून सगळ्यांकडे खुळ्यासारखा बघत राहिला.

"घर ठीक आहे?" त्याने विचारलं.

"घराला काय होतंय?" हैबतराव म्हणाले. पगडी अजून त्यांच्या हातातच होती.

"मला वाटलं घर पेटलं." तो धापा टाकत परत आला. "खाली काहीच दिसेना. म्हटलं इथे मरण्यापेक्षा डहाणूच्या वाळूवर उतरू. पेट्रोल तेवढं होतं. निम्म्या वाटेवर मागे वळून पाहिलं, तर हा काळा लोट. राबाचा धूर काळा नसतो. म्हटलं गेलं आपलं घर."

मग हैबतराव बहिणीकडे वळले.

"ऐकलंस, गौरा? तू हात जोडून बसली असतीस तर पोरगा वाळूवर सुखाने उतरला असता. छप्पर राहिलं असतं. विमान धड राहिलं असतं. आत्ता तो या दरीत गेला असता तो तुझ्यामुळे."

हे खरं होतं. गौराबाईंनी त्यात खोट शोधून पाहिली, सापडली नाही.

"काळा धूर मी सुचवला, आबासाहेब," चंद्रकला म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस," गौराबाईंनी तिला थांबवलं. "काडी माझी होती. राबही मीच पेटवायला सांगितले, जयवंता, आणि छप्परही मीच पेटवलं. आता काय बोलायचं ते बोल."

जयवंतने जळत्या छपराकडे पाहिलं. एक खांब आत कोसळला. त्याच्या तोंडावर काजळी होती आणि त्यात घामाच्या धारा उतरल्या होत्या. गौराबाईंना थांबवेना.

"घर पेटलं होतं तर तू वरून येऊन काय करणार होतास रे?" त्यांनी विचारलं. आवाज त्यांच्या मनात नव्हता इतका कडक आला. "पाण्याची घागर होती तुझ्यापाशी?"

"नव्हती," जयवंत म्हणाला. "काहीच करता आलं नसतं. पण आज अखिती ना, आत्याबाई. म्हटलं, तुम्ही सगळे पंगतीला आत असाल."

गौराबाई होत्या तिथे खाली बसल्या आणि त्यांना रडू फुटलं. पदर तोंडाला लावायचंही त्यांना सुचलं नाही. मंगळूच्या माणसांनी माना फिरवल्या. या यंत्राने पोरगा घरातून नेला, असं दोन वर्षं त्या येईल जाईल त्याला सांगत होत्या. आणि तो पोरगा हाताशी आलेली वाळू सोडून दरीच्या तोंडावर उतरला होता, कशासाठी, तर पंगत आत अडकली असेल म्हणून. एवढी माया त्याने कुठे ठेवली होती, आणि आपल्याला ती कशी दिसली नाही, याचं त्यांना रडू येत होतं. जयवंत त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. त्याने त्यांचा हात धरला. हाताला तेलाचा वास होता, दोघांच्याही.

खोडाळ्याच्या बाजूला गडगडलं. पडलेला वारा उठला, आणि पहिल्यांदाच धूर माळावरून सरकायला लागला.

"राब जाले, बाय," मंगळू हळूच म्हणाला. "आता पानी आलां तरी चालल."

पाणी आलं तरी चालेल असं सगळ्यांचं नव्हतं. चंद्रकला विमानापाशी गेली होती. तिने पंखाच्या मुळाशी खिळा ओढला, जयवंत उठून दुसऱ्या बाजूला गेला, आणि दोघांनी रोजच्या सवयीने पंख मागे वळवून अंगाला मिटले. एका चाकाला वाक आला होता, खालच्या पंखाचं कापड लोंबत होतं. आता ढकलायचं म्हणून दोघे शेपटीशी गेले आणि तिथेच थांबले. ढकलायचं कुठे? समोर छपराचे निखारे होते. हैबतराव आभाळाकडे बघत होते आणि मुरार आपल्या फाटलेल्या चादरी गोळा करत होता.

गौराबाई उठल्या. पदराने तोंड पुसून त्या विमानाभोवती एक फेरी मारून आल्या, बाजारात गाय बघतात तशी.

"पंख मिटले की एवढंच होतं हे?"

"एवढंच," जयवंत म्हणाला.

"मागच्या पडवीचे दोन खांब काढले तर आत जाईल?"

"गौरा," हैबतराव म्हणाले, "घराचे खांब काढणार? वर कौलं आहेत."

"कौलांना टेकू द्या, दादा. पाऊस काही तुमच्या सनदेला विचारून यायचा नाही. मंगळू, पहार आण."

जयवंतने पडवीकडे पाहिलं, विमानाकडे पाहिलं, दोन्ही हात पसरून अंदाज घेतला. मग आत्याकडे बघून जरा चाचरतच म्हणाला, "दोनाने भागायचं नाही, आत्याबाई. तीन काढावे लागतील."

"मग तीन काढा," गौराबाई म्हणाल्या.